सुलोचना सिस्टरची जीभ

तोंडात टमाटर असताना बोलायचं नाही, हा नियम आमच्या गावाला सुलोचना सिस्टरनी लावला. आधी लोक हसले. टमाटर म्हणजे काय प्रसाद आहे का, म्हणाले. सिस्टरना हसण्याचं काही वाटत नसे. त्या उपकेंद्रात नर्स होत्या, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी जन्मल्याबरोबर उलटं धरून पाठीवर चापट मारलेली होती, आणि ज्याला आपण उलटं धरलं तो आपल्याला हसला तर ते काय मनावर घ्यायचं, असा त्यांचा विचार असावा.

"आंबट पयले येते," त्या सांगायच्या, "ते तर कोनालेही समजते. गोड त्याच्या मागून येते. आन वास सगळ्यात शेवटी, घास उतरल्यावर, नाकाच्या मागच्या दारानं. तेवढा दम नसन तर बटाटा खा."

सिस्टर गेल्या त्याला आता दुसरा हिवाळा. त्यांच्याविषयी लिहायला मी आधीही बसलो होतो, आणि दर वेळी त्यांच्या चांगुलपणाचं काहीतरी लिहून उठलो. गेलेल्या माणसाचा चांगुलपणा लिहायला सोपा असतो. आता थकलो आहे. थकलेल्या माणसाला सजवून सांगायचा कंटाळा येतो, म्हणून या वेळी कदाचित नीट लिहून होईल.

बुटका बांधा, मागे घट्ट ओढलेले केस, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजणाऱ्यांची ती सवय. निवृत्त झाल्यावर नाडी द्यायला कोणी येईना, तेव्हा त्या टमाटराची मोजू लागल्या. फोड तोंडात टाकायची आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्यात मीठ, आणि एक लहान चाकू. हा चाकू आधी कोणत्या कामाचा होता, हे विचारायची गावात कोणाची छाती झाली नाही.

पवनीच्या बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत होतो. लालबुंद टमाटरांचा ढीग लावून एक माणूस बसला होता. सिस्टरनी एक उचललं, चाकूनं फोड काढली, तोंडात टाकली आणि घड्याळाकडे बघू लागल्या. तो माणूस आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागला.

"काय झालं बाईले?"

मी हातानं थांब म्हटलं.

"याले ताप आलेला हाय," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "कच्चं तोडून घरात लाल केलं तू. वरून लाली चढली, आत काही नाही."

"घ्यायचं नसन तर राहू द्या बाई. माल कायले खराब करून राहिल्या?"

"खराब तू केला. झाडावर राहू देलं असतं तर आपोआप झालं असतं ना चांगलं."

मग त्यांनी त्या एका टमाटराचे पैसे दिले, उरलेलं त्याच्याच हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी ने. बायकोले चाखव. ती सांगन तुले."

आमच्याकडे जुनी माणसं टमाटराला भेदरं म्हणतात. धान निघाला की बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यावर घराघरामागच्या वाडीत भेदरं लावायची आमच्या भागात जुनी रीत. पण लोकांचं लक्ष धानाकडे, टमाटराला विचारतात कुठं. सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यांनी गावातल्या बायकांना जमवून सेंद्रिय भाजीपाल्याचा गट उभा केला. शेणखत, जीवामृत, निंबोळीचा अर्क, जे काय असतं ते सगळं होतं. माझ्याकडे एक लहान मालगाडी होती. गटाचा माल क्रेटमध्ये भरून नागपूरच्या एका दुकानात पोचवणं माझं काम. गटात मी एकटाच पुरुष, तोही गाडीपुरता.

शेजारची कमल लांजेवार गटातली सगळ्यात तिखट बाई. तिच्या वाडीतलं टमाटर एकदा सिस्टरनी चाखलं आणि विचारलं, "कमल, काल पानी देलं का?"

"नाही जी. तोडाईच्या आधी कायले देऊ?"

"मग काल पाऊस पडला, तो फक्त तुझ्याच वाडीत पडला म्हनायचा."

कमल पदराआड हसली. "थोडं वजन भरते जी."

"मग पान्याची घागरच ने ना नागपूरले. टमाटराले कायले बुडवून मारतं?"

पाणी तोडण्यावर त्यांचा फार जोर. त्याला त्या झाडाचा उपास म्हणत. फळावर लाली चढायला लागली की झाडाला तहानलेलं ठेवायचं, पानं दुपारी जराशी मलूल दिसली तरी जीव कालवू द्यायचा नाही. एकदा हट्टानं माझ्या गाडीत बसून त्या नागपूरच्या दुकानात आल्या. तिथं एका गिऱ्हाईक बाईनं कौतुकानं विचारलं, "सेंद्रिय आहे म्हणजे चवीला छानच असणार, नाही का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी क्रेटकडे बघितलं.

"शेनखतानं झाड खुश राहते, माती जिवंत राहते, तुमच्या पोटात औषध जात नाही. एवढंच शेनखताचं काम. चव जातीची असते बाई. मंग उन्हाची. मंग उपासाची. उपाशी झाडाचं टमाटर ध्यानात राहते."

त्या बाईनं पिशवी भरून टमाटर नेलं. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊ, पुढच्या वेळी यांना आणू नका.

आता चपट्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

चपटं म्हणजे सिस्टरच्या माहेरचं, आसगावचं भेदरं. त्यांच्या आईच्या वाडीतलं. भोपळ्यासारख्या घड्या पडलेलं, बसकं, पिकल्यावरही देठाजवळ हिरवट राहणारं. दिसायला गबाळं. साल इतकी पातळ की अंगठा जरा जोरात लागला तर रस बाहेर. पण खाल्ल्यावर आधी जिभेच्या कडा आंबट व्हायच्या, मग गोडवा यायचा, आणि घास उतरल्यावर नाकात झाडाचा वास. वाडीत उन्हाच्या वेळी पानाला हात लागल्यावर बोटं हिरवी-पिवळी होऊन जो वास येतो, तो. निखाऱ्यावर भाजून, लसूण-मिरची घालून त्याची चटणी केली की भात कमी पडायचा. दुसरी जात होती लंबं. ती कोणी लावलीच नव्हती. कमलच्या उकिरड्यावर आपोआप उगवली. अंड्यासारखी, जाड सालीची, भिंतीवर फेकून मारली तरी फुटणार नाही अशी. चवीला वाईट नव्हती. चवीला काहीच नव्हती.

दर माघात गटाची चाखणी असायची. ही रीत सिस्टरनीच घातलेली. विहाराच्या ओसरीत सगळ्या बायका बसायच्या. पळसाच्या पानावर फोडी मांडायच्या, कोणती कोणाच्या वाडीतली ते फक्त मांडणाऱ्या बाईला माहीत. सिस्टर आधी चाखणार, तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. त्यांनी निवडलेल्या टमाटरांचंच बी धरायचं. बाकी सगळं तिथंच भाजून चटणीत टाकायचं, बियांसकट. हा नियम फार कडक होता. नापास झालेल्याचं बी घरात राहिलं की हातोहात मिसळतं, उकिरड्यावर उगवतं, पुढच्या वर्षी कोण कोणाचं ते कळत नाही, असं त्या म्हणायच्या. शीतपेटीत फक्त लस ठेवतात, भाजी ठेवत नाहीत, हे त्यांचं उदाहरण.

ओसरी विहाराची होती हे मी मुद्दाम लिहितो. सिस्टर नोकरीला लागल्या त्या काळात आमच्या आळीत त्यांची सुई चालायची, पाणी चालत नव्हतं. माझ्या घरीही नव्हतं चालत. आई त्यांना बसायला खाट द्यायची आणि त्या गेल्यावर खाटेवर पाणी शिंपडायची. सिस्टरना ते ठाऊक होतं. एकदा त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "शिंपडा, शिंपडा, उन्हाचं बरं असते खाटेले." आणि त्याच आळीतल्या बायका आता विहाराच्या ओसरीत बसून त्यांच्या चाकूनं कापलेली फोड, त्या बोलेपर्यंत, मुकाट तोंडात धरून बसत. सिस्टरनी याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण चाखणीच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसत.

आणि त्यांच्यावर एकच आरोप होता. कमल तो तोंडावर करायची. "सिस्टर, तुमची जीभ माहेरची हाय. कितीही पानं मांडा, ते चपट्यालेच पहिला नंबर देते."

"म्हनून तर नाव लपवून मांडतो ना," सिस्टर म्हणायच्या, आणि मनाला लागल्यासारख्या चाकू पुसू लागायच्या.

त्या वर्षी दुकानदारानं सांगितलं, दोन-दोन प्रकार नकोत. एका क्रेटमध्ये एकसारखा माल हवा. फुटका माल तर नकोच. फुटका माल म्हणजे चपटं. पवनीहून नागपूरपर्यंत खड्डे सांभाळत न्यायचं, वर कापड, खाली धानाची तणीस, आणि तरी खालच्या क्रेटमधून लाल पाणी ठिबकत असायचं. ते परत आणायचं, क्रेट धुवायचे, माशा हाकलायच्या, बायकांना तोंड द्यायचं. मी पन्नाशीच्या जवळ आलो होतो. पाठ दुखायची. चपट्याचा मला राग यायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर चपट्यावर जीव लावणाऱ्यांचाही.

गटानं ठरवलं, चाखणीत जे एक पास होईल तेच सगळ्यांनी लावायचं. दुसरं बंद.

त्याच हिवाळ्यात सिस्टरना ताप आला. बरेच दिवस राहिला. मी त्यांना गाडीतून भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेत-आणत होतो. ताप उतरल्यावर एका दुपारी मी त्यांच्या वाडीत औषधं द्यायला गेलो, तर त्या चपट्याच्या झाडापाशी उकिडव्या बसून मुठीत पानं चुरगळत होत्या. मूठ माझ्या नाकापाशी धरली.

"पुर्षू, याले वास हाय का?"

"हाय ना."

"कसा?"

"टमाटराच्या झाडाचा. कसा म्हंजे?"

त्यांनी मूठ आपल्या नाकाशी नेली, दम भरून ओढलं, आणि पानं टाकून दिली. "मले काहीच नाही येऊन राहिलं. मीठ समजते, आंबट समजते. त्याच्यामागून जे यायचं ते येतच नाही. कागद खाल्ल्यासारखं वाटते."

"येईन जी परत. तापानं जाते, येते कधीकधी."

"येईन तेव्हा येईन. चाखनी समोर हाय."

मी म्हटलं, या वर्षी दुसऱ्या कोणाला चाखू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उकिरड्याकडे बघू लागलो. म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं ना का मले समजत नाही, तर मागचं सगळं समजलेलं बी खोटं होते लोकाईच्या लेखी. आन मंग ओसरीत कोन येईन?"

मग त्यांनी उपाय सांगितला. त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. मी पाणी द्यायला त्यांच्या पाठीमागे उभं राहायचं. मांडणारी बाई मलाही फोड देईल, गडीमाणसाच्या तोंडाचं काय, कोणी मनावर घेणार नाही. जी फोड सगळ्यात चांगली, ती त्यांनी खाल्ल्यावर मी पाण्याचा पेला पुढे करायचा. बाकीच्या वेळी नाही.

"तुझी जीभ बरी हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या मायची पन होती. चटनीत मीठ कमी हाय का जास्त, वासानं सांगायची." माझ्या आईविषयी त्यांच्या तोंडून निघालेली ही एकच चांगली गोष्ट. "खरं सांगजो. माहेर-बिहेर पाहू नको. मले बरं वाटावं म्हनून चपट्याले पास करशील तर पाहजो."

त्यांना भीती होती ती याची. मी त्यांच्या बाजूनं खोटं बोलेन याची.

चाखणीच्या दिवशी त्या जरा वाळलेल्या दिसत होत्या, साडी अंगावर मोठी झाली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाठीमागे, हातात पितळी पेला. पहिल्या पानावरची फोड माझ्या तोंडात गेली आणि घास उतरायच्या आधीच मला कळलं, हे चपटं. इतक्या उपासाचं, इतक्या उन्हाचं चपटं मी त्याआधी खाल्लं नव्हतं. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. काटा फिरत होता. त्या पेल्याची वाट बघत होत्या, हे त्या ओसरीत फक्त मला माहीत होतं.

मी पेला पुढे केला नाही.

एवढंच केलं मी. खरं म्हणजे काही केलंच नाही. तिसऱ्या की चौथ्या पानावर लंबं होतं, कमलच्या वाडीतलं. तेव्हा पेला पुढे केला. त्या क्षणी माझ्या मनात क्रेट होते, लाल पाणी होतं, आणि हेही होतं की कोणाच्या ना कोणाच्या वाडीत राहीलच चपटं, ते कुठं जातं. माणूस स्वतःला असं काहीतरी सांगतोच.

सिस्टर पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं आणि त्या पानावर बोट ठेवलं. मांडणाऱ्या बाईनं पानाखालची खूण बघून सांगितलं, लंबं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बायकांनीही फोडी खाल्ल्या होत्या. त्यांनाही जीभ होती. जिच्या वाडीतलं पास झालं होतं ती कमलच म्हणाली, "सिस्टर, पुन्हा एकदा चाखा ना."

"मी इंजेक्शन दोनदा देत नाही."

"नाही पन…"

"कमल, तूच म्हनत होतीस ना का जीभ माहेरची हाय? झालं आता?" आणि सिस्टर हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. आरोपातून सुटल्या होत्या त्या. आपण ज्या न्यायासाठी उभ्या राहिलो तो आपल्याविरुद्ध गेला, तरी न्यायच झाला, असा आनंद चेहऱ्यावर होता. चपट्याची सगळी फळं निखाऱ्यावर गेली. चटणी फार चांगली झाली. मी दोनदा घेतली.

जाताना त्या मला घरी घेऊन गेल्या. फडताळातून आपल्या आईच्या वेळच्या वाणाची पुडी काढली, मागच्या सगळ्या वर्षांचं राखून ठेवलेलं चपट्याचं बी. मला वाटलं दाखवताहेत. त्या अंगणात गेल्या आणि कोंबड्यांपुढे पुडी झाडली.

"सिस्टर, थोडं ठेवा ना घरच्यापुरतं."

"मी ठेवलं तर मंग कोनीही ठेवन," त्या म्हणाल्या. "बरं झालं तू होता. माया हातून नसतं झालं हे."

तेव्हा सांगता आलं असतं. कोंबड्या टिपत होत्या, अर्धं बी मातीत होतं, वेचता आलं असतं. मी गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा राहिलो.

पुढच्या वर्षी सगळ्या वाड्यांत लंबं होतं; सिस्टरनीच ठेवलं नाही म्हणून चपट्याचं बी दुसऱ्या कोणीही ठेवलं नव्हतं. एकही फुटलं नाही. क्रेट कोरडे यायचे, कोरडे जायचे. दुकानदार खुश. पण गिऱ्हाइकं त्याच्याकडे विचारू लागली, ते घड्यांचं वेडंवाकडं टमाटर कुठं गेलं? कमलनं चाखणीला लंब्याची फोड तोंडात टाकली आणि नियम मोडून बोलली, "याच्यापरीस काकडी बरी."  सगळ्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरचा वास परत आला नव्हता. तो कधीच आला नाही. त्यांना चवीतलं काही कळलं नाही. त्यांना बायकांचे चेहरे कळले. एकेक चेहरा बघत त्या ओसरीभर फिरल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी चुकली. तापानं माया जिभेची चव गेली होती, आन मी तुमाले सांगतलं नाही. माहा दोष हाय."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पाठीमागे मी पेला धरून उभा होतोच.

मी समजलो, मी पेला रोखला ते त्यांना कळलं. नव्हतं कळलं. घरी जाताना मलाच समजावत होत्या, "तुलेही तेव्हा सर्दी असन. थंडीचे दिवस होते."

त्यानंतर ओसरीत बायका कमी होत गेल्या. भांडण झालं नाही. एकीला काम निघालं, दुसरीला पाहुणे आले. आणि सिस्टर चपटं शोधत फिरू लागल्या. आसगावला जाऊन आल्या. भावाच्या वाडीत आता मिरची होती. मग बाजारामागून बाजार. आसपासच्या गावांत, पार लाखांदूरपर्यंत, एसटीनं. जरा बसकं, जरा घडीचं टमाटर दिसलं की घ्यायच्या आणि डब्यात घालून माझ्या दारात यायच्या.

"चाख. हेच का?"

आणि मी चाखायचो. आता खरं सांगायचो. "नाही जी." त्या डबा बंद करायच्या. कधी चहा घ्यायच्या, कधी नाही. त्यांनी माझ्यावर ठेवलेला विश्वास असा डब्यातून येत राहिला, आणि मी तो खाऊन नाही म्हणत राहिलो. बायको एकदा म्हणाली, सिस्टर आल्या की तुम्हाला घाम काहून फुटते? मी म्हटलं, आंबट असते.

शेवटचा डबा लाखांदूरच्या बसस्टँडवर उघडला. मी माल घ्यायला गेलो होतो, त्या बाजारातून परत येत होत्या. फार थकलेल्या होत्या. पायऱ्या चढताना लोखंडी दांडा धरत होत्या. बाकावर बसून त्यांनी डबा काढला. आत घड्यांचं, देठाजवळ हिरवं, बसकं टमाटर होतं.  त्यांनी फोड काढून दिली. 

मी तोंडात धरलं. थांबलो. आंबट आलं. गोड आलं, थोडं पातळ. मग वास. वास जवळचा होता. जवळचाच होता. हो म्हटलं असतं तर त्या सुखानं घरी गेल्या असत्या. त्यांना ताडून बघता येणार नव्हतं. जगात कोणालाच ताडून बघता येणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "जवळचं हाय. पन ते नाही."

"पक्कं?"

"पक्कं. ते मले ठाऊक हाय सिस्टर. त्या चाखनीच्या दिवशी पहिलंच पान होतं. तोंडात घालताच समजलं होतं मले. मी पेला नाही देला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाजूला एक माणूस लेकराला केळं भरवत होता. त्या किती तरी वेळ त्या केळ्याकडेच बघत बसल्या.

"सर्दी नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"काहून?"

मी क्रेटचं सांगितलं. फुटायचं, ठिबकायचं, दुकानदार, पाठ. सांगताना ते इतकं लहान होत गेलं की मधेच थांबलो.

"आन मी पुडी झाडत होती तेव्हा?"

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"तुया मायनं खाटेवर पानी शिंपडलं," त्या म्हणाल्या, "पन माया समोर कधी शिंपडलं नाही. मी गेल्यावर. तेवढी लाज होती तिले." मग डबा बंद केला. झाकण नीट बसेना, मी हात पुढे केला, त्यांनी डबा बाजूला घेतला. "मी तुया तोंडाकडे पाहाले पायजे होतं रे. पेल्याकडेच पाहून राहिली."

बस लागली. मी पिशवी चढवून देतो म्हटलं. त्यांनी ती कंडक्टरला दिली.

त्यानंतर त्यांचा डबा माझ्या दारात आला नाही. गटही हळूहळू विरला. कमलनं आणि मी मिळून लंबं चालू ठेवलं. दुकानदाराला तेच हवं होतं. गावात समोरासमोर आलो तर सिस्टर विचारायच्या, पाठ कशी आहे? खरोखरच विचारायच्या, नर्ससारख्या, आणि उत्तर ऐकून घ्यायच्या. माफ केलं की नाही, हे काही त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायचं नाही. मी वाचायला धजलोही नाही.

पुढच्या हिवाळ्यात, त्यांच्या शेवटच्या, मी भंडाऱ्याहून आणखी काही क्रेट उचलून नागपूरला निघालो होतो. भंडाऱ्यापुढच्या शहापूरला हायवेच्या कडेला भाजीवाल्या बसल्या होत्या. गाडी हळू केली, कारण पुढे ट्रक वळत होता. तेव्हा त्या दिसल्या. इतक्या दूर एकट्या कशा आल्या होत्या कोण जाणे. छत्री काखेत, एका हातानं भाजीवाल्या बाईच्या टोपल्याचा काठ धरलेला. त्यांनी तिच्याच टोपल्यातलं टमाटर कापलं होतं आणि फोड स्वतः न खाता तिच्या हातावर ठेवली होती. ती बाई आधी ओशाळली, मग तिनं ती तोंडात टाकली आणि काहीतरी बोलायला गेली. सिस्टरनी हात वर करून तिला गप्प केलं. मग गुडघ्यांवर हात टेकवून वाकल्या, पार तिच्या चेहऱ्यापाशी, आणि ती बाई चावत असताना तिच्या डोळ्यांत, गालांत, ओठांच्या कोपऱ्यांत बघत राहिल्या.

ट्रक वळून गेला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. माझ्या मागे लंब्याचे क्रेट होते, कोरडे, एकावर एक. उतरायला जागा होती. त्या बाईनं घास गिळला का, आणि सिस्टरना काय म्हणाली, ते मला दिसलं नाही.